हत्यारांचं अर्धगोल कपाट

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि माझ्या नवऱ्याला सांगितलं, मांडी घालणं बंद, उकिडवं बसणं बंद, जमिनीवर बसणंच बंद. दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजली होती. त्यानं विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, कायमचं. थेरगावातल्या त्या दवाखान्यातून डांगे चौकापर्यंत आम्ही चालत आलो. बससाठी थांबलो तेव्हा म्हणाला, "म्हणजे धंदा बंद कर म्हणले की."

कुणाला ही अतिशयोक्ती वाटेल. त्यांनी जमिनीवर बसून काम करणारा सुतार पाहिलेला नसणार. डाव्या पायाच्या अंगठ्यानं फळी दाबायची, उजव्या टाचेनं ती अडवायची, की दोन्ही हात रंधा मारायला मोकळे. त्याचे वडील असेच बसायचे, आजोबाही असेच. विजेची करवत आली, ड्रिल आलं, पण बैठक बदलली नाही. उभं राहून काम करायचं तर पाय नुसते अंगाचं ओझं उचलणार. त्याच्या मते चार हातांच्या माणसानं दोन हातांवर संसार करायचा, असा तो निकाल होता.

समोर मी त्याला अहो म्हणते. कागदावर अरे-तुरे करायची संधी पहिल्यांदाच मिळालीय, ती सोडणार नाही.

आम्ही मूळचे लातूरकडचे. कुरुळीत एका जुन्या शेतकरी घराच्या मागे पत्र्याची शेड भाड्यानं घेऊन त्यानं दुकान टाकलं. चाकणच्या कंपन्यांत परदेशातून मशिनं येतात ती पाइनच्या लाकडी पेट्यांत. मशीन आत जातं आणि पेटी भंगारात येते. त्या पेट्यांच्या फळ्या आणून हा देव्हारे करतो, आळंदीच्या दुकानांसाठी पोथी ठेवायचे स्टँड करतो, कुणाला कपाटाचे कप्पे हवे असतील तर ते करतो. लाकडावरचे परदेशी शिक्के रंधून काढायला त्याला फार आवडतं. एकेका शिक्क्याला नावं ठेवत तो ते काढतो.

गुडघ्यांची बातमी गावाकडच्या एका ओळखीच्या माणसाला कळली. तो इकडे सिक्युरिटी सुपरवायझर आहे. तो घरी आला आणि म्हणाला, भाऊ, गेटवर खुर्ची आहे, पंखा आहे, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे, भाऊबीज झाली की या. जाताना युनिफॉर्मसाठी कमरेचं माप घेऊन गेला. नवरा हो म्हणाला. तो इतक्या सहज हो म्हणाला, जणू कुणी चहा घेणार का विचारलं होतं. गेटवर बसून हा माणूस दिवसभर लाकडाच्या पेट्या आत जाताना बघणार आणि त्यांचे नंबर लिहिणार. मला त्या खुर्चीची भीती वाटत होती, आणि ती मी कुणाला बोलून दाखवू शकत नव्हते, कारण खुर्ची सगळ्यांनाच सोयीची वाटत होती.

आता माझ्याबद्दल. मी चाकणला एका कंपनीत टूल स्टोअर सांभाळते. एकोणीस वर्षं झाली. जाळीच्या खिडकीआड मी, बाहेर शिफ्टमधले कामगार. ज्याला हत्यार हवं त्यानं आपला पितळी बिल्ला द्यायचा, मी तो हत्याराच्या खिळ्याला अडकवायचा आणि हत्यार काढून द्यायचं. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती पिवळ्या रंगानं काढलेली आहे. पाना गेला की मागे पान्याची पिवळी सावली उरते. शिफ्ट संपताना मी एकदा भिंतीकडे बघते आणि काय परत आलं नाही ते लांबूनच सांगते. मोठमोठे साहेब पाहुण्यांना ती भिंत दाखवायला आणतात. त्याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

असल्या बाईच्या नवऱ्याची हत्यारं काय अवस्थेत असावीत? गोणपाटावर, जमिनीवर, भुश्शात. रंधा इकडे, खाचा पाडायच्या पटाश्या तिकडे, करवत पायाजवळ, काटकोन बघायचा गुण्या कशाखाली तरी. मी कितीदा बोलले असेन त्याला गणती नाही. तो म्हणायचा, "तुझ्या कंपनीत शंभर माणसं हत्यार घेतात, म्हणून भिंत लागती. इथं मी एकटा." मला ते उत्तर म्हणजे आळस वाटायचा.

एक्स-रेनंतर मात्र माझ्या डोक्यात आलं की हीच वेळ आहे. त्याला उभं राहून काम करायला लावायचं असेल तर हत्यारं जमिनीवरून वर आली पाहिजेत. डोळ्यासमोर, भिंतीवर, माझ्या स्टोअरसारखी. मग काम आपोआप उभं होईल. मी पाइनच्या फळ्या घेतल्या आणि रोज पहिली शिफ्ट संपवून आल्यावर कपाट करायला बसले. सुताराची बायको असल्यानं करवत चालवता येते, खिळे ठोकता येतात, त्यापलीकडचं विचारू नये. तो प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून बघायचा. सल्ला देत नव्हता. सल्ला न देणारा सुतार हे किती वाईट लक्षण आहे हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

दोन दारांचं कपाट झालं. दारांच्या आतल्या बाजूलाही हत्यारं टांगता येतील असं केलं. प्रश्न एवढाच होता की सगळी हत्यारं एकदम हातात येणार कधी? कारण रोज कशाला ना कशाला काम असायचंच. मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारं धुऊन-पुसून, तेल लावून, गोणपाटावर मांडून पूजायची आणि कामाला हात लावायचा नाही. कंपनीतही त्या दिवशी मशिनांना हार असतात. नवरा आळंदीला स्टँड पोचवायला गेला आणि हळदीकुंकू लावलेली सगळी हत्यारं माझ्यासमोर स्वच्छ, निवांत पडलेली. माझ्यातल्या स्टोअरवालीला तो मुहूर्तच वाटला.

मी एकेक हत्यार उचललं, फळीवर ठेवून पेन्सिल फिरवली, पिवळा रंग भरला, खिळा मारला आणि टांगलं. पटाश्या अरुंदपासून रुंदपर्यंत, रंधे लहानापासून मोठ्यापर्यंत, कानशी एका ओळीत. शेडची मालकीण, सत्तरी ओलांडलेल्या आजी, दाणे निवडत दारात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आगं बाई, पूजा मांडल्याली हत्यारं दसऱ्याच्या आदी जाग्यावरनं हलवू न्हाईत." मी म्हटलं, आजी, खाली होती ती वर ठेवतेय, मानच वाढला की त्यांचा. आजींनी मान खाली घालून पुन्हा दाणे निवडायला घेतले. म्हातारी माणसं गप्प बसतात तेव्हा आपण जिंकलो असं समजायची खोड मला आहे.

नवरा आला, कपाटासमोर उभा राहिला. एकदा रिकाम्या गोणपाटाकडे बघितलं, मग कपाटाकडे. "छान झालंय," म्हणाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं काम सुरू केलं. मी त्याला जुनं लोखंडी टेबल आणून दिलं होतं, त्यावर देव्हाऱ्याची चौकट ठेवली होती. मी मुद्दाम रजा टाकून बघायला थांबले. त्यानं पटाशीसाठी हात लांब केला, तो खाली, डावीकडे, गुडघ्याच्या उंचीला. तिथं हवा होती. हात परत आला. मग त्यानं मान वर केली, कपाट शोधलं, कपाटात पटाशी शोधली, काढली, दोन ठोके मारले आणि पुन्हा हात खाली गेला, आता ठोकायची लाकडी मोगरी ठेवायला. मोगरी सरळ फरशीवर पडली. असं दुपारपर्यंत चाललं. मी दर वेळी सांगत होते, तिसऱ्या ओळीत बघा, उजवीकडून दुसरी. शेवटी तो म्हणाला, "तुझ्या कपाटात सगळं दिसतंय, पण काही घावना."

आणि त्यानं एकेक हत्यार खिळ्यावरून काढलं, गोणपाट अंथरलं आणि खाली बसला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात तसा. चौकट मात्र तासाभरात पुरी केली. पण उठता येईना. मी एका बाजूनं, आजी दुसऱ्या बाजूनं, असं दोघींनी धरून त्याला उभं केलं. त्याचं तोंड वेदनेनं पांढरं पडलं होतं आणि आजींसमोर उचलावं लागलं याची लाज वेगळी. मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. त्या रात्री तो म्हणाला, युनिफॉर्म शिवून आला का विचार त्याला.

भाऊबीजेपर्यंत तीन गुरुवार होते. आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची. पहिल्या गुरुवारी मी कपाटाला हातही लावला नाही. मला एकच गोष्ट खात होती. तासाभरात चौकट पुरी झाली तेव्हा मी त्याच्याकडे बघत होते, आणि त्यानं एकदाही हत्यार शोधलं नव्हतं. एकोणीस वर्षं मी लोकांना हत्यारं देते. शोधावं न लागणं ही काय चीज असते ते मला समजतं. मग त्या गोणपाटावरच्या पसाऱ्यात असं काय होतं जे माझ्या भिंतीत नव्हतं?

मी त्याला म्हटलं, तुम्ही खाली बसू नका, फक्त हत्यारं मांडा, तुम्ही मांडता तशी. तो एका बुटक्या पेटीवर बसला, पाय पसरले आणि मांडली. मी खडू घेतला आणि प्रत्येक हत्याराभोवती फरशीवर रेघ ओढली. "काय करायलीस?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, तुमचं कपाट मोजतेय.

खडूनं काढून झाल्यावर मी स्टुलावर उभी राहून वरून पाहिलं आणि थक्क झाले. तो पसारा नव्हताच. त्याच्याभोवती एक अर्धगोल होता, हाताच्या अंतरावर, जणू त्याच्या खांद्याला दोरी बांधून कुणी तो आखला असावा. लहान-मोठं असा क्रम नव्हता. एक पटाशी कानशीच्या शेजारी होती आणि दुसऱ्या मापाची पार टोकाला. मी विचारलं, असं का? त्याला सांगता येईना. "हात जातो तिकडं," म्हणाला. मग स्वतःच विचारात पडला. अरुंद पटाशीनं भोक पाडलं की लगेच कानस लागते, म्हणून ती शेजारी. रुंद पटाशीनंतर काहीच लागत नाही, म्हणून ती टोकाला. सगळ्या मुठी त्याच्याकडे वळलेल्या, लाकूड तासायच्या वाकसाची धारही बाहेर आणि वाकस सगळ्यात लांब, कारण लहानपणी वडिलांच्या वाकसानं त्याचा अंगठा कापला होता. हे त्यानं मला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. अंगठ्यावरचा तो वण मी इतकी वर्षं पाहत होते आणि खिळा लागला असेल असं समजत होते.

मग मी त्याच्या डोळ्यांना रुमाल बांधला. म्हटलं, गुण्या द्या. दिला. मोठी करवत द्या. दिली. लाकडी मूठ तुटलेली कानस द्या. तीही दिली, आणि हसला. आजी दाणे सोडून बघायला आल्या आणि म्हणाल्या, "ह्येला डोळं कशाला पायजेत, म्हनते मी." बऱ्याच दिवसांनी तो हसला होता, म्हणून मी गरज नसताना आणखी पाच-सहा हत्यारं मागितली. माझ्या गर्वाची भिंत मात्र तेव्हाच पडली. माझी व्यवस्था डोळ्यांची होती आणि त्याची खांद्यांची. दोन्ही खऱ्या होत्या, पण माझी दुसऱ्याच्या दुकानात नेऊन ठोकायची नव्हती.

पुढचं सोपं वाटलं. तोच अर्धगोल उचलून कमरेच्या उंचीवर न्यायचा. जमीन वर घ्यायची, बस. पहिलं कपाट मोडलं, त्याच्याच फळ्या वापरल्या. खडूच्या रेघांवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवून मापं उतरवली. मध्ये त्याची उभी राहायची जागा, पुढे काम करायचं बाकडं, आणि दोन्ही बाजूंनी वळत आलेलं उथळ, उघडं कपाट, त्यात प्रत्येक हत्याराचं घर. बाकड्याला भंगारातून आणलेला लोखंडी शिकंजा बसवला, पायांच्या ऐवजी लाकूड धरायला. या वेळी मी खिळा ठोकायला लागले तेव्हा तो खुर्चीवरून म्हणाला, "खिळा नको. लाकूड फुटल." आणि उठून आला. उभं राहूनच त्यानं दोन फळ्यांना खाचा पाडून एक कोपरा जोडला, मग दुसरा. तो सल्ला द्यायला लागला म्हणजे माणूस परत आला, हे मी मनात म्हटलं, मोठ्यानं नाही. मोठ्यानं म्हटलं असतं तर तो परत खुर्चीत जाऊन बसला असता.

अर्धगोलात एक जागा मात्र रिकामी होती. डावीकडे, समोरच्या अंगाला, दोन हातांएवढी. खडूच्या नकाशात तिथं काहीच नव्हतं. स्टोअरवालीला रिकामी जागा बघवत नाही. मी तिथं स्क्रू-खिळ्यांसाठी ड्रॉवरचा एक उभा खण बसवून टाकला, छान मुठीबिठी लावून. माझ्या सगळ्या सुतारकामात तेवढाच मला बरा जमला होता.

तिसऱ्या गुरुवारी, दिवाळी तोंडावर आलेली असताना, तो नव्या कपाटात उभा राहिला. हात डावीकडे गेला आणि पटाशी घेऊन आला. मान हलली नाही. मोगरी ठेवली ती घरात बसली. देव्हाऱ्याचं एक दार त्यानं उभ्यानं केलं, दुसरं केलं. मग त्यानं आळंदीच्या दुकानदाराच्या कप्प्याची लांब फळी घेतली, शिकंज्यात एक टोक आवळलं आणि रंधा मारला. फळीचं दुसरं टोक ड्रॉवरच्या खणाला अडलं. तिरकी धरून पाहिली. थरथरायला लागली. रंधा उड्या मारत गेला आणि लाकडावर खड्डे पडले. तो थांबला. रंधा जागेवर ठेवला. तो आता खुर्चीकडे जाणार असं मला वाटलं आणि रडू यायला लागलं. मी घाईघाईनं म्हटलं, दुसरा शिकंजा आणू, मोठा आणू.

तो म्हणाला, "शिकंज्याचं काही नाही. हा खण काढ."

मी म्हटलं, पण तिथं तुमचं काहीच नव्हतं. मी खडूनं बघितलंय, रिकामी जागा होती.

"रिकामी नव्हती," तो म्हणाला. "तिथं तू बसायचीस."

मला आठवायला वेळ लागला. लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं, कंपनीत लागायच्या आधी. लांब फळी असली की मी समोर डाव्या हाताला बसून तिचं टोक दाबून धरायची. भुसा डोळ्यांत जायचा, पाठ दुखायची आणि मी मनात म्हणायची, देवा, मला यातून सोडव. मग कंपनीत नोकरी लागली आणि मी सुटले. सुटले, असंच मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं, त्याच्यासमोरही. एकोणीस वर्षं तो लांब फळ्या एकटा, पाय ताणून, गुडघे दाबून धरत आला होता, आणि त्या जागेवर एक खिळासुद्धा ठेवला नव्हता. मी त्याला विचारलं, कधी बोलला का नाहीत? तो म्हणाला, "काय बोलायचं त्यात."

पेचकस घेऊन मी माझा सुंदर खण सोडवला. फळी त्या फटीतून पलीकडे गेली. मी फटीत उभी राहिले आणि तिचं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं. "हलू नकोस," तो म्हणाला, आणि रंधा माझ्या दिशेनं आला, अखंड, एका दमात. पाइनचा लांब पापुद्रा निघून माझ्या साडीवर पडला. दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा आला. फळी काचेसारखी गुळगुळीत झाली तरी त्यानं आणखी दोन हात मारले. गरज नव्हती हे मलाही दिसत होतं.

मग रंधा खाली न ठेवताच तो म्हणाला, "त्या सुपरवायझरला फोन कर. दुसरा माणूस बघ म्हणावं." आणि थोडा वेळ फळीवर उगाच हात फिरवत राहिला. "सहा दिवस किडूकमिडूक कामाला हा शिकंजा लाकूड धरल. लांब फळ्या मी गुरुवारच्या गुरुवारी काढीन. येशील का?"

कंपनीच्या खिडकीवर दिवसभर माणसं माझ्याकडे काही ना काही मागतात. या माणसानं लग्नापासून माझ्याकडे काहीही मागितलेलं नव्हतं. मी येईन म्हटलं. ते त्याला नीट ऐकू गेलं नाही असं वाटून मी पुन्हा म्हटलं.